गोष्ट कुणाला सांगायची? समकालीन आफ्रिकी सिनेमा आणि कथांचं वैविध्य



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं सिनेमावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो रास्त आहे. मी चित्रपटाच्या तंत्राचा जाणकार नाही. कॅमेऱ्याची भिंगं, संकलन, ध्वनी यांवर माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारे पुष्कळ लोक आहेत. पण 'वैविध्य' नावाचा जो शब्द आपण आजच्या विषयात घातला आहे, तो तपासायचं काम माझ्या धंद्यातलं आहे. हा शब्द ऐकायला फार गोड लागतो. वैविध्य वाईट असं कोण म्हणेल? आणि ज्या शब्दाला कुणी विरोधच करत नाही, तो शब्द बहुतेक वेळा नीट काही सांगत नसतो.

आधी 'आफ्रिकी सिनेमा' हा शब्दप्रयोगच बघा. आफ्रिकेत 54 देश आहेत, दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. इराणी, जपानी, कोरियन आणि मराठी चित्रपट एकत्र करून 'आशियाई सिनेमातलं कथांचं वैविध्य' या विषयावर तासाभराचं व्याख्यान कुणी ठेवलं, तर आपण हसू. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र आपल्याला हसू येत नाही. का येत नाही? कारण आपल्या मनात आफ्रिका हा एक देश असल्यासारखा बसलेला असतो. तिथं दुष्काळ असतो, यादवी असते, जंगल असतं, नाचगाणी असतात. या साच्यात एक चित्र घातलं की आपलं काम झालं.

नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा अडिची यांनी 2009 साली दिलेलं एक भाषण तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. एखाद्या समाजाविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली की तो समाज त्या एका गोष्टीएवढाच उरतो, असं त्यांचं म्हणणं. ते मला मान्य आहे. पण त्यावरून जो उपाय सुचवला जातो, की एका गोष्टीऐवजी पुष्कळ गोष्टी दाखवा म्हणजे झालं, तो मला अपुरा वाटतो. समजा आपण दुष्काळाच्या गोष्टीशेजारी एक प्रेमकथा ठेवली, एक विज्ञानकथा ठेवली, एक गुन्हेगारी कथा ठेवली. यादी वाढली. पण या सगळ्या गोष्टी जर एकाच ऐकणाऱ्यासाठी सांगितल्या जात असतील, दूर बसलेल्या आणि 'आता मला आफ्रिका समजावून सांगा' म्हणणाऱ्या माणसासाठी, तर विषय वेगळे असूनही गोष्ट एकाच प्रकारची राहते. प्रत्येक गोष्ट साक्ष होते, पुरावा होते. तेव्हा आज माझं म्हणणं एवढंच आहे: कथांचं वैविध्य विषयांच्या यादीवरून मोजता येत नाही. ती गोष्ट कुणाला उद्देशून आहे, हे पाहावं लागतं.

इथं मला एका आफ्रिकी तत्त्ववेत्त्याची मदत घ्यायची आहे. घानाचे क्वासी विरेडू. तत्त्वज्ञानातला कुठलाही सिद्धान्त आपल्या मातृभाषेत मांडून तपासावा, असा त्यांचा आग्रह होता. देकार्तचं प्रसिद्ध विधान घ्या: मी विचार करतो, म्हणून मी आहे. विरेडू म्हणतात, हे आमच्या अकान भाषेत मांडायला गेलं की पंचाईत होते. कारण अकानमध्ये 'असणं' म्हणजे 'तिथं असणं', कुठल्यातरी जागी असणं. जागेवाचून निव्वळ 'असणं' त्या भाषेत बोलताच येत नाही. फार सुंदर मुद्दा आहे. मी तो गोष्टीला लावतो. गोष्टही निव्वळ 'असत' नाही. ती कुठंतरी, कुणालातरी, कुठल्यातरी भाषेत सांगितलेली असते. आफ्रिकी सिनेमाचा इतिहास म्हणजे बराचसा या तीन गोष्टींसाठीचा झगडा आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे पारतंत्र्यात असतानाच, 1913 साली, दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला. स्वतःची कथा, स्वतःचा प्रेक्षक. फ्रेंचांच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये मात्र 1934 साली एक हुकूम निघाला. तो 'लाव्हाल हुकूम' म्हणून ओळखला जातो. सरकारी परवानगीशिवाय तिथं चित्रीकरण करता येईना, आणि आफ्रिकी माणसाला ती परवानगी मिळणं दुरापास्त होतं. पॉलँ व्हिएरा पॅरिसला जाऊन सिनेमाचं शिक्षण घेऊन आले, पण त्यांना आफ्रिकेत कॅमेरा लावू दिला नाही. मग 1955 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्येच, तिथल्या आफ्रिकी लोकांवर एक लघुपट केला. म्हणजे सांगणारा आफ्रिकी, पण जागा परकी. फाळक्यांनंतर बेचाळीस वर्षांनी हे घडतंय, हे लक्षात घ्या.

मग आले सेनेगलचे उस्मान सेम्बेन. हा माणूस मार्सेयच्या बंदरात गोदी कामगार होता. तिथं कामगार चळवळीत शिरला, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहू लागला, आणि नाव झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना आपलं पुस्तक वाचता येत नाही. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर तो मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. सिनेमा ही आमची रात्रशाळा आहे, असं तो म्हणायचा. 1966 साली त्याचा 'ला न्वार द...' हा चित्रपट आला. दियुआना नावाची तरुण मुलगी डकारहून एका फ्रेंच कुटुंबाबरोबर फ्रान्सला जाते. मुलं सांभाळायला म्हणून नेलेली ही मुलगी तिथं घरात कोंडलेली मोलकरीण होते, आणि शेवटी जीव देते. तिच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतात. कुठल्या भाषेत? अस्खलित फ्रेंचमध्ये! अशा मुलीचं मन अशा फ्रेंचमध्ये बोलणार नाही. चित्रपट थोर आहे, पण त्याच्या पोटात ही फट आहे: दियुआनाचं दुःख तिच्या मालकिणीच्या भाषेत सांगितलं जातं. दोनच वर्षांनी, 1968 साली, सेम्बेननं 'मंदाबी' केला, वोलोफ भाषेत. मंदाबी म्हणजे मनिऑर्डर. पॅरिसला गेलेला पुतण्या पैसे पाठवतो. ते घ्यायला ओळखपत्र पाहिजे, ओळखपत्राला जन्मदाखला पाहिजे, आणि या चक्रात बिचारा इब्राहिमा नागवला जातो. हा चित्रपट विनोदी आहे. पहिल्या चित्रपटात शोकांतिका आणि दुसऱ्यात विनोद, हा केवळ विषयातला फरक नाही. घरच्या माणसाशी घरच्या भाषेत बोलायला लागलं की माणूस स्वतःच्या लोकांवर हसूही शकतो. परक्यासमोर साक्ष देताना कुणी स्वतःवर हसत नाही.

आता एकदम 1992 सालात येऊ, नायजेरियात. 'लिव्हिंग इन बाँडेज' नावाची एक कथा इग्बो भाषेत थेट व्हिडिओ कॅसेटवर निघाली. श्रीमंत होण्यासाठी एक नवरा गुप्त पंथात शिरून बायकोचा बळी देतो आणि मग तिचं भूत त्याला छळतं. निर्मिती स्वस्तातली, अभिनय भडक. पण ती बाजारात धो धो खपली, आणि ज्याला आज नॉलीवूड म्हणतात तो धंदा तिथून उभा राहिला. युनेस्कोच्या 2021 सालच्या अहवालानुसार नायजेरियात वर्षाला सुमारे 2,500 चित्रपट निघतात. उत्तर नायजेरियात, कानो शहराच्या आसपास, हौसा भाषेचा वेगळा चित्रव्यवसाय आहे. तिथले प्रेक्षक कित्येक दशकं हिंदी चित्रपट आवडीनं बघत आले आहेत, आणि हौसा चित्रपटांतल्या गाण्यानाचण्यावर त्याचा ठसा आहे. युरोपातल्या महोत्सवांना हे चित्रपट बराच काळ दिसलेच नाहीत. तो प्रेक्षक काही महोत्सवाचा नव्हता. तो घरातल्या टीव्हीपुढं बसलेला होता.

मी नॉलीवूडची आरती ओवाळत नाही. त्यात कचरा पुष्कळ आहे. सगळ्या व्यापारी सिनेमात असतो, आपल्याही आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: या चित्रपटांना बाहेरच्या कुणाला काही समजावून सांगायचं नसतं.

आणि समजावून सांगायला गेलं की काय होतं तेही बघा. जेनेव्हिव्ह न्नाजी या नायजेरियन अभिनेत्रीनं दिग्दर्शित केलेला 'लायनहार्ट' 2019 साली ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागासाठी नायजेरियानं पाठवला. वडिलांची बस कंपनी वाचवू पाहणाऱ्या मुलीची ती साधी, हसरी गोष्ट आहे. चित्रपट बाद झाला. कारण काय, तर त्यातले बहुतांश संवाद इंग्रजीत होते आणि त्या विभागाचा नियम इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा आहे. न्नाजींनी उत्तर दिलं की पाचशेहून अधिक भाषांच्या देशात इंग्रजी हाच आमचा एकमेकांशी बोलायचा पूल आहे, आणि ही भाषा आम्ही निवडलेली नाही. गंमत बघा. एकेकाळी म्हणायचे, तुमच्या भाषेत बोलू नका. आता म्हणतात, तुम्ही तुमच्या भाषेत पुरेसं बोलत नाही. नियम तांत्रिक आहे, मी समजू शकतो. पण त्यामागचं गृहीतक तांत्रिक नाही. 'परकं' कसं दिसावं, कसं ऐकू यावं, याची कल्पना आधीच ठरलेली आहे.

याहून तीव्र उदाहरण केनियाचं आहे. वनुरी काहिऊ यांचा 'रफिकी' 2018 साली आला. स्वाहिलीत रफिकी म्हणजे मित्र किंवा मैत्रीण. नैरोबीतल्या दोन मुलींचं हे प्रेम; त्यांचे वडील निवडणुकीतले प्रतिस्पर्धी. कान महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला केनियन चित्रपट, आणि केनियाच्याच मंडळानं त्यावर बंदी घातली. दिग्दर्शिकेनं सांगितलं आहे की शेवट फार आशादायी आहे, तो बदला, असं तिला सुचवण्यात आलं होतं. म्हणजे मुलींनी एकमेकींवर प्रेम केलं यापेक्षा त्यांना पश्चात्ताप झाला नाही, याचा त्रास जास्त! पुढं उच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये सात दिवसांसाठी बंदी उठवली, आणि त्या सात दिवसांत नैरोबीत लोकांनी चित्रपटगृहं भरून टाकली.

आता समीक्षक म्हणून मला विचारलंत तर 'रफिकी' हा फार मोठा चित्रपट नाही. भांडणाऱ्या दोन घरांतली दोन प्रेमी माणसं हा साचा जुना आहे, आणि पुढं काय होणार हे आधी कळतं. रंग मात्र प्रसन्न आहेत, मुली लोभस आहेत. पण चित्रपट साधारण असला तरी प्रश्न साधारण नाही. नैरोबीतली गोष्ट 2018 साली समुद्रापलीकडं फ्रान्समध्ये दाखवता आली आणि नैरोबीत फक्त सात दिवस. ज्यांना उद्देशून ती सांगितली, त्यांच्यापर्यंतच ती नीट पोचू दिली नाही. आपण इथं बसून 'वा, किती वैविध्य' म्हणतो, तेव्हा हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आता काही मोठ्या चित्रपटांकडं वळू. अब्देर्रहमान सिसाको यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. 'टिंबक्टू' 2014 सालचा. 2012 साली मालीच्या उत्तर भागावर जिहादी गटांनी ताबा मिळवला, त्या काळाचा. संगीतावर बंदी, फुटबॉलवर बंदी. मुलं चेंडूशिवाय फुटबॉल खेळतात, तो प्रसंग जगभर गाजला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: हुकूम देणारे अरबी बोलतात आणि ज्यांच्यावर हुकूम चालवायचा त्यांना ती भाषा येत नाही. मृत्युदंडसुद्धा दुभाष्यामार्फत दिला जातो. चित्रपट फार देखणा आहे. कधीकधी मला तो जरा जास्तच देखणा वाटतो. वाळूचे उतार, नदीवरचा संध्याप्रकाश, यांत दुःख सुबक होऊन बसतं, आणि दूरच्या प्रेक्षकाला ते सोसवतं. फ्रान्समध्ये त्याला सात सेझार पुरस्कार मिळाले. ते मिळू नयेत असं मी म्हणत नाही, पण हे सौंदर्य कुणाची सोय बघतं, हे विचारलं पाहिजे.

याच दिग्दर्शकाचा 2006 सालचा 'बामाको' मात्र कुणाची सोय बघत नाही. बामाको शहरातल्या एका घराचं अंगण. सिसाकोंच्या वडिलांचंच ते घर. त्या अंगणात न्यायालय भरलंय आणि खटला चाललाय जागतिक बँक आणि नाणेनिधीवर. खरे वकील कर्जाचे, खाजगीकरणाचे मुद्दे मांडतायत. आणि त्याच अंगणात बायका कापड रंगवतायत, मध्येच लग्नाची वरात येते, एका घरात नवराबायकोचा संसार मोडतोय. या खटल्यात एक म्हातारा शेतकरी साक्ष द्यायला सुरुवातीलाच उभा राहतो. त्याला सांगतात, तुमची पाळी आल्यावर बोला. चित्रपटाच्या शेवटाकडं तो आपणहून उठतो आणि गाऊ लागतो. ते गाणं नव्हे, तो आक्रोश आहे. बराच वेळ चालतो. आणि खाली उपशीर्षकं येत नाहीत. सिसाकोनं त्याचा अनुवाद दिलेलाच नाही.

आपण काय करतो त्या वेळी? पहिल्यांदा आपल्याला वाटतं, काहीतरी बिघाड झालाय. मग कळतं, हे मुद्दाम आहे. आपण इतका वेळ न्यायाधीशाच्या जागी बसलो होतो. सगळी साक्ष आपल्या भाषेत, आपल्या पायाशी आणून ठेवली जात होती. आता एक माणूस बोलतोय आणि तो आपल्याशी बोलत नाहीये. आपल्याला फक्त त्याचा आवाज, मान आणि हात दिसतात. मी म्हणतो ते वैविध्य मला इथं दिसतं. दुसऱ्या माणसाचं दुसरेपण मान्य करायचं म्हणजे त्याचं सगळंच आपल्याला कळलं पाहिजे, हा हट्ट सोडायचा.

याच हट्टावर एक नर्मविनोदी, पण बोचरा चित्रपट आहे: झांबियात जन्मलेल्या रुंगानो न्योनी यांचा 'आय ॲम नॉट अ विच', 2017 सालचा. शुला नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीवर चेटकीण असल्याचा आरोप होतो. तिला चेटकिणींच्या छावणीत पाठवतात. तिथल्या बायकांच्या पाठीला लांब पांढऱ्या फिती बांधलेल्या असतात. फीत तोडलीस तर बकरी होशील, असं सांगितलेलं. चित्रपट सुरू होतो तो पर्यटकांच्या गाडीपासून. पर्यटक येतात, चेटकिणींना बघतात, फोटो काढतात. म्हणजे प्रेक्षक म्हणून आपणच पहिल्या दृश्यात पकडले जातो! चेटकिणींच्या छावण्या घानामध्ये खरंच आहेत आणि न्योनी तिथं राहून आल्या होत्या. पण त्या पांढऱ्या फिती त्यांच्या कल्पनेतल्या आहेत. आता गंमत अशी की 'अरे बापरे, आफ्रिकेत बायकांना फितीनं बांधतात' असं मानणारा प्रेक्षक सहज मिळेल. काफ्काचा नायक सकाळी उठून किडा झालेला दिसतो तेव्हा 'प्रागमध्ये असं होतं' असं आपण म्हणत नाही. युरोपीय लेखकाला रूपक वापरायची मुभा आहे, आफ्रिकी दिग्दर्शिकेनं मात्र माहितीच द्यायची. हा दुजाभाव आपल्या पाहण्यात आहे, चित्रपटात नाही.

पाहण्यातली दुसरी खोड अगदी उलट आहे, आणि ती आपल्या लोकांत जास्त दिसते. 'अगदी आपल्यासारखंच आहे हो!' लेसोथोचे लेमोहांग जेरेमाया मोसेसे यांचा 2019 सालचा चित्रपट आहे, 'हे दफन नव्हे, पुनरुत्थान आहे' असं त्याच्या नावाचं भाषांतर होईल. मान्तोआ नावाची ऐंशी वर्षांची विधवा खाणीत कामाला गेलेल्या मुलाची नाताळला वाट बघतेय. बातमी येते ती त्याच्या मृत्यूची. आता तिला फक्त आपल्या माणसांशेजारी पुरलं जायचंय. पण धरण होणार, गाव बुडणार, थडगी हलवणार. ऐंशीच्या घरातली ही बाई त्याविरुद्ध उभी राहते. ती भूमिका करणाऱ्या मेरी ट्वाला यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. 2020 साली त्या गेल्या.

हे बघताना मराठी माणसाला मुळशी आठवणार, कोयना आठवणार, नर्मदा आठवणार. आठवू दे. पण लगेच 'सेम टू सेम' म्हणून मोकळं होऊ नका. लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला देश. त्याच्या डोंगरातलं पाणी 1986 सालच्या करारानं दक्षिण आफ्रिकेला जातं, आणि त्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच देशाच्या खाणींत गेली. मान्तोआचा मुलगाही तिकडं गेला आणि आता तिच्या गावाचं पाणीही तिकडं जाणार. ही विशिष्ट कोंडी आहे. शिवाय मान्तोआचा पहिला प्रश्न पुनर्वसनाच्या जमिनीचा नाहीच, मेलेल्यांचा आहे: मृतांना सोडून जिवंत माणसं कशी निघून जातील? 'आफ्रिकेत असंच असतं' म्हणणारा आणि 'अगदी आपल्यासारखं' म्हणणारा, दोघंही मान्तोआचं शेवटपर्यंत ऐकून घेत नाहीत.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर आयव्हरी कोस्टच्या फिलिप लाकोत यांचा 2020 सालचा 'नाइट ऑफ द किंग्ज' सांगतो. आबिजानचा माका हा बदनाम तुरुंग. तिथल्या कैद्यांचा दादा आजारी आहे. चंद्र लाल होतो त्या रात्री एका नव्या पोराला गोष्ट सांगायला उभं करतात, आणि पोराला कळतं की गोष्ट संपली की आपणही संपणार. तुम्हाला शहरजाद आठवेल. पण इथं ऐकणारा एकटा सुलतान नाही, शेकडो कैदी आहेत. ते मध्येच ओरडतात, गातात, गोष्टीतला विंचू होऊन दाखवतात, चुकलं तर टोकतात. पोरगा थापा मारतो, काल मेलेल्या गुंडाची गोष्ट पार जुन्या राणीच्या काळात नेऊन भिडवतो. खरं की खोटं हा प्रश्न तिथं गौण आहे. गोष्ट ऐकणाऱ्याच्या तालावर घडते आहे. घरचा श्रोता असला की गोष्ट कशी मोकळी होते, याचं यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही.

आणि आता माती दियोप. त्यांचा 'अटलांटिक' 2019 साली आला. कानच्या मुख्य स्पर्धेत पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शिका, आणि चित्रपटाला तिथं ग्रँड प्री मिळालं. समुद्र ओलांडून युरोपात जाणाऱ्या तरुणांच्या गोष्टी आपण बातम्यांत बघतो. त्या नेहमी नावेपासून सुरू होतात, कारण युरोपला नाव दिसते. दियोप नावेत चढतच नाहीत. डकारमध्ये उंच मनोरा बांधणाऱ्या मजुरांना महिनोन्‌महिने पगार मिळालेला नाही. ते एका रात्री समुद्रात निघून जातात. कॅमेरा मागं राहिलेल्या मुलींबरोबर राहतो. मग बुडालेल्या मजुरांचे आत्मे त्या मुलींच्या अंगात येतात, आणि कशासाठी येतात? थकलेल्या पगारासाठी! मालकाच्या घरी जाऊन बसतात, पैसे मागतात, त्याला आपल्या कबरी खणायला लावतात. युरोपला वाटतं ही माणसं स्वप्नांच्या मागं लागून बुडतात. हा चित्रपट म्हणतो, यांचा पगार थकलाय. सांगणारा कुठं उभा आहे यावर गोष्टीचं कारणच बदलतं.

दियोप यांचा 'दाहोमी' 2024 साली बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळवून गेला. माहितीपट आहे, जेमतेम तासाभराचा. 2021 साली फ्रान्सनं 26 लुटलेल्या राजवस्तू बेनिनला परत केल्या, त्यांचा प्रवास. राजा गेझोचा पुतळा फोन भाषेत बोलतो, हे लोकांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षात राहिली ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची चर्चा. कुणी म्हणतो, हा आनंदाचा दिवस आहे. कुणी म्हणतो, सात हजारांतल्या 26 परत देणं हा अपमान आहे. कुणी म्हणतं, आम्ही या वस्तूंविषयी ज्या भाषेत भांडतोय ती भाषाही त्यांचीच आहे. एकमत होत नाही. आणि ते भांडण आपल्याला पटवण्यासाठी चाललेलं नाही; ते एकमेकांशी भांडतायत. 'आफ्रिकेचा दृष्टिकोन' नावाची एकच वस्तू मागणाऱ्याला या सभागृहात ती मिळणार नाही. मी आयुष्यभर वर्गात असल्या चर्चेची वाट बघत आलो, म्हणूनही कदाचित मला हे फार आवडलं.

शेवटी एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. मी आज ज्या चित्रपटांची नावं घेतली, त्यांतले बहुतेक पॅरिस, कान, बर्लिन, व्हेनिस या वाटेनं माझ्यापर्यंत आले. पैसाही बराचसा तिकडचा. ज्या वाटेनं गोष्ट येते तिचा धर्म गोष्टीला थोडा लागतोच. आफ्रिकेचा स्वतःचा मंच नाही असं नाही; बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूला, 1969 पासून फेस्पाको महोत्सव भरतो. पण महोत्सव म्हणजे रोजचं चित्रपटगृह नव्हे. युनेस्कोच्या त्याच अहवालात हिशोब आहे: आफ्रिकेत साधारण 7 लाख 87 हजार माणसांमागे एक पडदा. 'टॉकिंग अबाउट ट्रीज' या 2019 सालच्या सुदानी माहितीपटात चार म्हातारे दिग्दर्शक आहेत. ओम्दुर्मानमधलं एक बंद पडलेलं उघडं चित्रपटगृह त्यांना एका खेळापुरतं सुरू करायचंय. झाडलोट करतात, पडदा बघतात, कचेऱ्यांत खेटे घालतात, आणि परवानगी मिळत नाही. स्वतःचे चित्रपट दाखवायचा हट्टही नाही त्यांचा. लोकांनी एकत्र बसून काहीतरी बघावं, एवढंच. सांगणारे आहेत, गोष्टी आहेत, ऐकणारेही आहेत. मधली बसायची जागा काढून घेतली आहे. कथांच्या वैविध्याला खरा धोका इथं आहे.

तेव्हा तुम्ही घरी बसून हे चित्रपट बघाल, जरूर बघा, तेव्हा तीन साधे प्रश्न जवळ ठेवा. ही गोष्ट कुठल्या भाषेत घडते आणि कुठल्या भाषेत सांगितली जाते? समोरचं पात्र कुणाशी बोलतंय, माझ्याशी की त्याच्या माणसांशी? आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना ती बघता आली का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चित्रपटात सापडणार नाही, ते बाहेर शोधावं लागेल. सुरुवात करायची असेल तर 'मंदाबी' आधी बघा, म्हणजे हसत सुरुवात होईल. मग 'बामाको' बघा. तो म्हातारा उठून उभा राहील, उपशीर्षकं थांबतील. तेव्हा चित्रपट पुढं पळवू नका. त्याचं म्हणून होईस्तोवर बसून राहा.

 आता प्रश्न विचारा.